पॉपर बांधणे आणि चोणक गरवणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी सरते, नद्यांचा लाल गढूळपणा खाली बसतो आणि त्याच आठवड्यात निरोप यायला लागतात. पेडण्याहून, काणकोणहून, पलीकडे वेंगुर्ले-मालवणहून, अधूनमधून मुंबईहूनही. बरेच प्रश्न तेच ते असतात, म्हणून इथे एकत्र उत्तरं दिली आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पॉपर म्हणजे नेमकं काय? साध्या फ्लायपेक्षा वेगळं काय?

फ्लाय म्हणजे गळावर केस-पिसं बांधून केलेलं खोटं आमिष आणि पॉपर ही पाण्यावर तरंगणारी फ्लाय. पुढे बुचाचं किंवा फोमचं डोकं, मागे पिसांची शेपटी. दोरी झटक्यात ओढली की सपाट किंवा खोलगट तोंड पाणी ढकलतं, 'पॉप' असा आवाज होतो आणि बुडबुडे मागे राहतात. इतर फ्लाय मुख्यतः डोळ्यांना भुलवतात, पॉपर आधी कानाला बोलावतो. पाणी थोडं गढूळ असलं तरी तो चालतो, त्याचं कारण हेच. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा इथे अर्नेस्ट पेकिनपॉ यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बुचाच्या अशा फ्लाय बांधून विकायला सुरुवात केली. मूळ रचना आजही जवळपास तीच आहे.

२. इंग्रजी व्हिडिओंत सगळे 'बास' म्हणतात. तो मासा गोव्यात आहे का?

ते ज्याला बास म्हणतात तो लार्जमाउथ बास. गोड्या पाण्यातला, उत्तर अमेरिकेचा. आपल्या नद्यांत तो नाही. आपल्याकडे आहे आशियाई सीबास, म्हणजे आपला चोणक. रायगडात याला जिताडा म्हणतात, ऑस्ट्रेलियात बारामुंडी. शास्त्रीय नाव लेट्स कॅल्कॅरिफर.

दोघं जवळचे नातेवाईक नाहीत, पण खाण्याची पद्धत सारखी. आडोशाला दबा धरायचा आणि भक्ष्य जवळ आलं की प्रचंड तोंड एकदम उघडून पाण्यासकट आत ओढायचं. म्हणून बासचा पॉपर चोणकावर चालतो. मात्र जसाच्या तसा नाही. चोणक अंगाने मोठा, पाणी खारट आणि बाजूला कालवांनी, म्हणजे धारदार शिंपल्यांनी, भरलेली मुळं. गळ, दोर आणि बांधणी तिन्ही एक पायरी दणकट हवीत (प्रश्न ७ आणि १२).

३. चोणकाशिवाय पॉपरवर काय लागतं?

तांबोशी, ज्याला कोंकणीत तांबसो म्हणतात. चोणकाच्याच मुळांत तो राहतो आणि आकाराच्या मानाने जास्त जोर लावतो. नदीच्या मुखाशी ट्रेव्हली हे समुद्रातले मासेही येतात. गोड्या पाण्यातल्या तळ्यांत मरळ बेडकासारख्या पॉपरवर छान येतो, फक्त तिथे गवत अडवणारी तार लागते.

४. सुरुवात करायला काय काय विकत घ्यावं लागेल?

बांधायला: एक साधा व्हाइस (गळ घट्ट धरणारा शिकंजा), बॉबिन (दोऱ्याचं रीळ धरणारी नळी), जाड पॉलिएस्टर दोरा, कात्री, झटपट चिकटणारा गोंद, दोन भागांचा इपॉक्सी, सँडपेपर आणि हॅकसॉचं तुटकं पातं. गरवायला: ९ फुटी, ८ किंवा ९ वेटचा रॉड (वेट म्हणजे लाइनच्या वजनाचा क्रमांक) आणि तरंगणारी वेट-फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या भागात जड असलेली लाइन. लाइन उष्ण प्रदेशासाठी बनवलेलीच घ्या. थंड देशातली लाइन आपल्या उन्हात मऊ पडते, चिकट होते आणि रॉडच्या कड्यांत अडखळते. पैसे वाचवायचे तर रीलमध्ये वाचवा, लाइनमध्ये वाचवू नका.

५. डोकं कशाचं बनवावं? बूच, चप्पल की थर्माकोल?

तिन्हींतून मी बूच निवडतो. गोव्यात वाइनच्या बाटल्यांची बुचं मागितली की मिळतात आणि नैसर्गिक बूच हलकं, टणक आणि घासून आकार द्यायला सोपं असतं. छिद्रं फार असलेलं बूच बाजूला ठेवा.

जुन्या हवाई चपलेचा तळवा दुसऱ्या क्रमांकावर. बुचापेक्षा जड, पण खडकावर आपटला तरी फुटत नाही. जुन्या ट्रान्झिस्टरच्या अँटेनाची नळी एका टोकाला कानशीने धारदार करून तळव्यात फिरवली की गोल तुकडा निघतो. अडचण एवढीच की तळवा जेवढा जाड तेवढीच तुकड्याची लांबी. म्हणून दोन तुकडे चिकटवा, किंवा लांबट पट्टी कापून सँडपेपरवर गोल करा.

थर्माकोल नको. रंगातलं द्रावण त्याला खातं, नेलपॉलिशने तर तो डोळ्यांदेखत विरघळतो. आणि तुकडा तुटला की नदीतच राहतो.

६. बुचाचा पॉपर पहिल्यापासून शेवटपर्यंत कसा बांधायचा?

चोणकासाठी माझं माप: तोंडाचा व्यास १२ ते १५ मिमी, डोक्याची लांबी २० ते २५ मिमी, शेपटीसकट एकूण ९ ते ११ सेंमी.

बूच आधी उभं चिरून साधारण जाडीचं करा, मग सँडपेपरवर मागची बाजू निमुळती करा. तोंड खोलगट हवं असेल तर पेन्सिलीच्या मागच्या टोकाला सँडपेपर गुंडाळून गोल फिरवा. आता पोटाच्या बाजूने हॅकसॉच्या पात्याने सरळ चीर द्या. ही चीर उथळच हवी. गळाची दांडी बुचाच्या मध्यभागी नव्हे, पोटाच्या कडेला बसली पाहिजे. दांडी मध्यात गेली की गळाचं तोंड बुचानेच झाकलं जातं आणि मासा तोंड मारूनही लागत नाही. नवख्यांच्या पॉपरमध्ये मला सगळ्यात जास्त वेळा दिसलेला दोष हाच.

डोकं बसवायच्या आधी शेपटी बांधा. गळाच्या वळणाजवळ आधी थोडे केस, त्यावर दोन्ही बाजूंनी दोन-दोन लांब पिसं, मग एक पीस दांडीभोवती गोल गुंडाळून झालर. उरलेल्या दांडीवर दोऱ्याचे खडबडीत वेढे द्या, कारण गुळगुळीत धातूवर गोंद धरत नाही आणि चार मासे लागले की डोकं गोल फिरायला लागतं. चिरेत इपॉक्सी भरा, दांडी दाबा आणि गळाचं टोक बुचाच्या मधोमध रेषेत आहे ना ते समोरून बघा. बुचाचा भुसा गोंदात कालवून चीर बुजवा. सावकाश वाळणारा इपॉक्सी वापरलात तर रात्रभर हात लावू नका.

दुसऱ्या दिवशी घासा, रंगवा, डोळे लावा, वरून इपॉक्सीचा पातळ थर द्या. थर वाळेपर्यंत पॉपर हळूहळू फिरवत राहा, नाहीतर खाली थेंब जमतो आणि तोल जातो.

७. गळ कोणता आणि किती मोठा?

लांब दांडीचा, रुंद तोंडाचा, खाऱ्या पाण्यासाठी मुलामा दिलेला किंवा स्टेनलेस, १/० किंवा २/०. दांडीला मध्ये बाक असलेले खास पॉपरचे गळ मिळाले तर उत्तम, डोकं फिरत नाही. पातळ तारेचा गळ चोणक सरळ करून टाकतो. तळपणच्या खाडीत माझा पहिला मोठा मासा असाच गेला, परत आलेला गळ खिळ्यासारखा सरळ होता. टोकामागचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका, त्याचं कारण प्रश्न २० मध्ये.

८. शेपटीसाठी केस-पिसं कुठून आणायची? हरणाचे केस, रानकोंबड्याची पिसं चालतील का?

नाही. परदेशी कृतींत हरणाच्या शेपटीचे केस सर्रास सांगितलेले असतात, पण आपल्या रानातलं हरीण, सांबर, भेकर यांचे केस किंवा कातडी बाळगणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे. करड्या रानकोंबड्याच्या मानेची मेणचट ठिपक्यांची पिसं जगभरच्या फ्लाय बांधणाऱ्यांना हवीहवीशी वाटतात आणि हा पक्षी आपल्या सत्तरी-सांगेच्या रानात आरवतो. तो संरक्षित आहे. कोणी आणून दिली तरी घेऊ नका. तुमच्या एका शेपटीसाठी पुढच्या वेळी फासा लागेल.

गावठी कोंबड्याची पाठीवरची लांब पिसं चोणकाला पुरतात. चिकनवाल्याकडे सांगून ठेवा, घरी आणून साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, सावलीत वाळवा, डब्यात कापूर टाका. केसांसाठी बकऱ्याच्या शेपटीचे लांब केस किंवा कृत्रिम धागे. चमक हवी तर नाताळच्या सजावटीतली झिरमिळी किंवा साडीच्या काठातली निघालेली जर, दोन-तीन तार पुरे.

९. रंग कोणता?

यावर लोक खूप वेळ घालवतात, माझ्या मते उगाच. मासा खालून बघतो, त्याला आभाळावरची सावली दिसते. सकाळी पांढरा, गढूळ पाण्यात पिवळा-नारिंगी, अंधारात काळा. तोंडाचा रंग मात्र भडक ठेवा, तो तुम्हाला दिसावा म्हणून.

१०. तोंड खोलगट हवं, सपाट हवं की टोकदार?

खोलगट तोंड जास्त पाणी धरतं आणि मोठा आवाज करतं. वारा असेल, लाटा असतील, पाणी गढूळ असेल तेव्हा ते. सपाट तोंड मध्यम आवाजाचं, सगळीकडे चालणारं. पहिला पॉपर सपाट तोंडाचाच बांधा. तेच डोकं उलटं, निमुळती बाजू पुढे करून बसवलं तर त्याला स्लायडर म्हणतात. तो आवाज न करता पाण्यावर रेघ ओढत येतो. पाणी आरशासारखं असेल आणि मासे बुजरे असतील तेव्हा मी तोच लावतो.

ज्यांना डोकं घडवायचंच नाही त्यांनी बोस्टनच्या जॅक गार्टसाइड यांचा गर्गलर बांधावा. फोमची एक पट्टी पाठीवरून दुमडून पुढे ओठासारखी सोडायची, बस्स. अर्ध्या तासात तीन होतात.

११. माझा पॉपर पाण्यावर उलटा पडतो / नाक खुपसतो / गोल फिरतो. काय चुकलं?

घराबाहेर पडण्याआधी बादलीत टाकून बघा. बरोबर बांधलेला पॉपर शेपटी पाण्याखाली आणि तोंड वर असा तिरपा बसतो.

उलटा पडत असेल तर डोकं गळाच्या मानाने मोठं आहे किंवा दांडी फार आत गेली आहे. वळणाजवळ तांब्याच्या तारेचे चार वेढे द्या, किंवा डोकं घासून लहान करा. नाक खुपसत असेल तर आधी लीडर, म्हणजे लाइन आणि फ्लाय यांच्या मधला दोर, तपासा (प्रश्न १२), मग तोंडाचा उतार. खालची कड वरच्या कडेपेक्षा पुढे आली असेल तर ते खुपसणारच. फिरत असेल तर दोन बाजूंची पिसं असमान आहेत. आणि शेपटी गळाभोवती सारखी गुंडाळत असेल तर पिसं फार लांब किंवा फार मऊ आहेत, खाली आखूड ताठ केसांचा आधार द्या.

१२. लीडर कसा बांधायचा?

एकूण ७ ते ८ फूट, जास्त लांब नको. लांब लीडर एवढी जड फ्लाय उलटवू शकत नाही. जाड टोक ४० ते ५० पौंड ताकदीचं, मधला भाग २० पौंड आणि फ्लायच्या आधी दीड फूट पुन्हा ४० पौंड. चोणकाचे दात चावत नाहीत, पण त्याच्या गालफडाची कड ब्लेडसारखी धारदार असते आणि उडी मारून डोकं झटकलं की पातळ दोर तिच्यावर घासून तुटतो.

शेवटपर्यंत साधा नायलॉन मोनो वापरा. फ्लोरोकार्बन बुडतो आणि पॉपरचं नाक खाली ओढतो. गाठ न आवळणारी, फासाची, म्हणजे पॉपर मोकळा हलतो.

१३. पॉपर लांब जातच नाही. रॉड बदलू का?

रॉड नको, घाई बदला. पॉपर म्हणजे हवेत फेकलेली छोटी छत्री. मागे गेलेली दोरी पूर्ण सरळ होईपर्यंत थांबा, हाताची हालचाल सावकाश आणि लूप, म्हणजे हवेतलं दोरीचं वळण, रुंद ठेवा. हवेत दोनपेक्षा जास्त फेऱ्या नकोत. उचलताना रॉडचं टोक पाण्याला टेकलेलं ठेवून आधी ढिली दोरी गोळा करा, मगच उचला. नाहीतर तोंड पाणी धरतं आणि मोठा आवाज होऊन सगळे मासे पांगतात. चोणकाला तसंही ४० फूट पुरतात. लांबीपेक्षा मुळाच्या हातभर जवळ पडणं महत्त्वाचं.

१४. कधी जावं? भरतीला की सुकतीला?

सुकती, म्हणजे ओहोटी. तिचे शेवटचे दोन तास आणि नव्या भरतीचा पहिला तास. भरतीला पाणी खारफुटीच्या आत शिरतं आणि मासाही शेवट्यांच्या, म्हणजे बोयांच्या, मागे आत जातो. तिथे तुमची दोरी पोचत नाही. पाणी उतरायला लागलं की बोय आणि कोळंबी छोट्या ओहोळांतून बाहेर पडतात आणि चोणक ओहोळाच्या तोंडाशी उभा राहतो.

पुनवेच्या आणि अवसेच्या उधाणात पाणी फार जोरात जातं आणि गढूळतं. मला त्यानंतरचे तीन ते पाच दिवस आवडतात, भांगाकडे, म्हणजे कमी ओढीच्या भरती-ओहोटीकडे, झुकणारे. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे जाते, तेव्हा मागच्या रविवारची वेळ या रविवारी धरू नका. ओहोटीची ती वेळ पहाटे किंवा संध्याकाळी येईल असा दिवस निवडा. भर उन्हात पॉपर क्वचितच चालतो. ऑक्टोबर अखेर ते मे हा आपला हंगाम, त्यात जानेवारीतल्या गार पहाटे थोड्या मंद.

१५. जागा कोणती? मानशीवर गरवलं तर चालेल का?

तेरेखोल, शापोरा, मांडवी, जुवारी, साळ, तळपण, गालजीबाग, प्रत्येक नदीच्या खाऱ्या भागात चोणक आहे. नेमकी जागा मी सांगणार नाही, पण खूण सांगतो: लहान ओहोळ मोठ्या पाण्याला मिळतो, शेजारी खारफुटीचं मूळ वाकलेलं आहे आणि पाण्याचा प्रवाह तिथे वळसा घेतो.

मानशीचा प्रश्न वेगळा. खाजन म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतजमीन. तिच्या बांधातली मानस म्हणजे खारं पाणी आत-बाहेर सोडणारी फळ्यांची दारं. तिथे मासा जमतो हे खरं, पण मासेमारीच्या हक्काची पावणी, म्हणजे लिलाव, होते. ज्याने पावणीत पैसे मोजले त्याचा तो मासा आहे. आधी विचारा. मला आजवर बहुतेकांनी बांधाच्या बाहेरच्या बाजूला उभं राहायला आनंदाने परवानगी दिली आहे. बांधाच्या मातीत खुंट ठोकू नका, एका भोकातून पाणी शिरून शेत खारं होतं.

चोडणच्या डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्याच्या हद्दीत गळ टाकू नका. तिथल्या खारफुटीत मासा दिसला तर बघा आणि पुढे जा.

१६. पॉपर चालवायचा कसा?

या एका प्रश्नावर सगळं अवलंबून आहे, आणि बहुतेक जण आवाजावर लक्ष देतात. मासा घेतो तो आवाजानंतरच्या शांततेत.

पॉपर पडला की काहीच करू नका. पाण्यावर उठलेली वर्तुळं विरेपर्यंत थांबा, मनात दहा मोजा. रॉडचं टोक पाण्याला टेकलेलं, दोरी ताठ. मग डाव्या हाताने वीतभर झटका. 'पॉप'. पुन्हा थांबा. या थांबण्यात शेपटीची पिसं आपोआप हलतात, पसरतात, मिटतात. मूळ बांधणीत आपण मऊ पिसं घातली ती यासाठीच. सतत फटाफट ओढत आणलेला पॉपर हे ट्रेव्हलीचं खाद्य, चोणकाचं नव्हे.

दोनदा मोठा आवाज, मग एकदा नुसतं थरथरवणं, असा बदल करून बघा. जखमी बोय पृष्ठभागावर असंच करतो: उसळी, दमून पडणं, पुन्हा क्षीण हालचाल. मी एकदा साळ नदीच्या काठी लीडरची गाठ सोडवत होतो, पॉपर मिनिटभर नुसता पडून होता, आणि चोणकाने तेव्हाच घेतला. त्यानंतर मी थांबण्याची वेळ दुप्पट केली.

१७. पाण्यावर मोठा आवाज होतो, मासा उसळतो, पण लागत नाही. का?

आवाज ऐकून तुम्ही रॉड वर उचलता, म्हणून. चोणक पाणी आत ओढतो तेव्हा जो 'बुफ' असा पोकळ आवाज येतो तो तोंड उघडल्याचा आहे, मिटल्याचा नव्हे. वजन हाताला लागेपर्यंत थांबा, मग रॉड सरळ माशाकडे ठेवून डाव्या हाताने दोरी जोरात मागे ओढा. चुकला तरी पॉपर तिथेच पडलेला राहतो आणि मासा दुसऱ्यांदा येतो. रॉड उचललात तर पॉपर तुमच्या डोक्यावरून मागच्या झाडात.

एवढं करूनही लागत नसेल तर गळाचं तोंड झाकलं गेलंय का बघा (प्रश्न ६).

१८. पावसाळ्यात चालतं का?

मुख्य प्रवाहात नाही. जांभ्या मातीचं पाणी, वाहून आलेली झाडं. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. काठावरच्या गळाचा त्याच्याशी संबंध नसला, तरी चोणक याच काळात नदीच्या मुखाकडे अंडी घालायला जातो. मी त्या दिवसांत घरी बसून बांधतो.

१९. मगरींचं काय?

मगरी आहेत. मांडवी आणि जुवारीला जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा मगरींसाठी प्रसिद्धच आहे आणि जुवारीकाठच्या बोरी-दुर्भाट भागात पौष अवसेला चिखलाची मगर घडवून तिची पूजा करतात. तिला 'मानगें थापणी' म्हणतात. त्या पाण्याशी पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या लोकांनी मगरीला मान दिला आहे, आपणही द्यावा. या भागात पाण्यात उतरू नका, काठावर वाकून मासा धुवू नका, होडीतून हात बाहेर सोडू नका.

इतर ठिकाणी उथळ वाळूत उतरलात तर पाय उचलून टाकण्याऐवजी सरकवत चाला, म्हणजे वाळूत बसलेला पाखट (स्टिंगरे) बाजूला होतो. कालवांसाठी जाड तळव्याचे बूट.

२०. मिळालेला चोणक ठेवावा की सोडावा?

खायला एक मध्यम मासा नेण्यात मला काहीच गैर वाटत नाही, चोणकाच्या रव्यात तळलेल्या तुकडीसाठी मीही निघतो. पण मोठा मासा सोडा. चोणक आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतो आणि काही वर्षांनी मादी होतो, साधारण ८० सेंमी ते १ मीटरच्या आसपास. म्हणजे मोठे चोणक जवळजवळ सगळे मादी असतात आणि एकेका मादीत लाखो अंडी. फोटोतला सगळ्यात अभिमानाचा मासाच नदीला सगळ्यात जास्त हवा असतो.

सोडताना हात ओले करा, जबड्याला धरून उभा टांगू नका, पोटाखाली दुसरा हात द्या. दाबलेल्या काट्याचा गळ एका वळणात सुटतो. पाण्यात धरून ठेवा, तो स्वतः शेपटी मारून निघेपर्यंत.

२१. तळ्यात पाळलेल्या चोणकावर पॉपर चालेल का?

मालकाची परवानगी असेल तर चालेल, पण स्वभाव वेगळा. गोळीखाद्यावर वाढलेला मासा ठरलेल्या वेळी पृष्ठभागावर येतो. खाद्याच्या वेळेआधी लहान पॉपर, हलका आवाज.

२२. रात्री जायचं आहे. काही वेगळं करावं लागेल का?

पुलाच्या दिव्याचा उजेड पाण्यावर पडतो तिथे उजेड-अंधाराची एक रेघ असते. मासा अंधारात उभा राहून उजेडाकडे तोंड करतो. काळा पॉपर उजेडात टाकून रेघेवर आणा आणि तिथे थांबवा. वाहत्या रस्त्याच्या पुलावरून गरवू नका, खाली काठावरून गरवा. गालजीबागला नोव्हेंबर ते मार्च कासवं अंडी घालायला किनाऱ्यावर येतात, म्हणून रात्री समुद्राच्या बाजूला बॅटरी घेऊन फिरू नका. नदीच्या आतल्या बाजूलाच राहा.

२३. मासा लागला आणि थेट मुळांत घुसला. आता?

पहिले तीन सेकंद दोरी सोडायची नाही. रॉड आडवा, पाण्याला समांतर, मुळाच्या उलट दिशेला वाकवा. रॉड उभा धरलात तर मासा वर उठतो, बाजूला वळत नाही. तरी घुसलाच तर ओढत बसू नका, कालवं दोर कापतील. उलट दोरी पूर्ण ढिली सोडा आणि थांबा. ताण गेला की बरेच चोणक ज्या वाटेने आत गेले त्याच वाटेने पुन्हा बाहेर येतात. दोरी हळू सरकायला लागली की गोळा करा आणि मग एकदम जोर लावा.